सल्ला : सासऱ्यांचा चर्चिल आणि सुनेचे व्याख्यान

‘मी सोलापुरातील एका महाविद्यालयात इतिहास शिकवते. पुढच्या महिन्यात शहरातील एका व्याख्यानमालेत “खलनायक चर्चिल” या विषयावर माझे व्याख्यान ठरले असून १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावर त्याचा मुख्य भर आहे. माझे सासरे, ज्यांना घरात सगळेच आप्पा म्हणतात, निवृत्त मुख्याध्यापक आहेत. त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीतून इटलीत लढले होते, आणि चर्चिलच्या धैर्याची गोष्ट आप्पांनी शाळेतल्या मुलांच्या कित्येक पिढ्यांना सांगितली आहे. माझा मसुदा त्यांनी वाचला आणि एवढेच विचारले, “हिटलरला ज्याने अडवले तो खलनायक, तर त्याच्या बाजूने लढलेले माझे वडील कोण?” तेव्हापासून ते माझ्याशी कामापुरतेच बोलतात. यजमान म्हणतात, विषय बदल, घरातली शांतता मोठी. मी काय करावे? मसुदा सोबत पाठवत आहे.’
— एक प्राध्यापिका, सोलापूर

प्रिय ताई,

विषय बदलू नका. मसुदा मात्र बदला, आणि तो आप्पांचा राग शमवण्यासाठी बदलू नका. तुमच्या मसुद्यातील काही विधाने टिकणारी नाहीत, आणि ती तशीच राहिली तर बंगालच्या दुष्काळाबद्दलचे जे म्हणणे पूर्ण खरे आहे त्याचीही किंमत सभागृहात कमी होईल. घरातल्या अबोल्याचा प्रश्न वेगळा आहे. त्याचे उत्तर व्याख्यान रद्द करण्याने मिळणार नाही, कारण आप्पांनी विचारलेला प्रश्न चर्चिलविषयी नसून त्यांच्या वडिलांविषयी आहे. त्याकडे मी नंतर येतो.

मसुद्याची सुरुवात तुम्ही चार हुतात्मा पुतळ्यापासून केली आहे. ‘ज्या चर्चिलच्या राजवटीने आपल्या शहरावर मार्शल लॉ लादला आणि मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन यांना फासावर चढवले’ हे तुमचे पहिले वाक्य सोलापूरच्या श्रोत्यांच्या टाळ्या हमखास घेईल, परंतु ते चुकीचे आहे. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापुरात जे घडले, गिरणी कामगार रस्त्यावर आले, गोळीबार झाला, लष्करी कायदा पुकारला गेला आणि शेवटी १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात चौघांना फाशी झाली, त्या साऱ्या काळात ब्रिटनमध्ये मजूर पक्षाचे सरकार होते, रॅमसे मॅकडोनाल्ड पंतप्रधान होते आणि चर्चिल विरोधी बाकांवर बसत होता. भारताला काही सवलती देण्याच्या कल्पनेलाही त्याचा इतका विरोध होता की त्याच जानेवारी महिन्यात तो आपल्या पक्षाच्या नेतृत्वमंडळातून बाहेर पडला आणि फेब्रुवारीत गांधीजींविषयीचे ते ‘अर्धनग्न फकिरा’चे कुप्रसिद्ध उद्गार त्याने काढले. मन त्याचे तेच होते, पण हुकूम त्याचा नव्हता. मनातला द्वेष आणि हातून घडलेली कृती यांचे हिशेब इतिहासाच्या प्राध्यापिकेने एका वहीत लिहू नयेत.

त्या फाशीच्या वेळी व्हाइसरॉय कोण होता, हे मात्र तुम्ही अवश्य सांगा. लॉर्ड आयर्विन, म्हणजे गांधी–आयर्विन करारातला आयर्विन, जो आपल्या पाठ्यपुस्तकांत सौम्य, धर्मभीरू गृहस्थ म्हणून येतो. हाच आयर्विन पुढे लॉर्ड हॅलिफॅक्स झाला, ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री झाला, आणि मे १९४० मध्ये चेंबरलेनच्या जागी पंतप्रधान कोणी व्हावे हा प्रश्न उभा राहिला तेव्हा चर्चिलसमोर खरा पर्याय त्याचाच होता. पक्षातल्या पुष्कळांना आणि खुद्द राजालाही तोच अधिक पसंत होता. म्हणजे चर्चिल नको होता असे म्हणणाऱ्या सोलापूरकराच्या वाट्याला, इतिहासाच्या त्या वळणावर, आपल्या चार हुतात्म्यांच्या काळातला व्हाइसरॉय आला असता. हे वाक्य तुमच्या आताच्या पहिल्या वाक्यापेक्षा श्रोत्यांना अधिक विचारात पाडेल, असे मला वाटते.

आता अवतरणे. ‘सत्ता लफंग्यांच्या, लुटारूंच्या हाती जाईल’ हे १९४७ च्या सुमाराचे म्हणून दिलेले चर्चिलचे वाक्य काढून टाका. दर ऑगस्टमध्ये ते आपल्या मोबाइलवर फिरत येते, राजकारण्यांवर चिडलेले लोक ते मोठ्या चवीने पुढे पाठवतात, आणि त्याच्या भाषणांत किंवा लेखनात त्याचा कुठेही माग लागत नाही. दुसरे, ‘बंगालात एवढा दुष्काळ असेल तर गांधी अजून मेला कसा नाही?’ हे तुम्ही मंत्रिमंडळाच्या बैठकीतले उद्गार म्हणून दिले आहेत. मूळ नोंद तेव्हाचा व्हाइसरॉय वेव्हेल याच्या रोजनिशीत जुलै १९४४ ची आहे. गांधी अजून मेला कसा नाही, असे विचारणारी चिडखोर तार चर्चिलने आपल्याला पाठवली, असे तो लिहितो, आणि लगेच पुढे म्हणतो की अन्नाबद्दलच्या माझ्या तारेला मात्र त्याने अजून उत्तर दिलेले नाही. दोन गोष्टी शेजारी होत्या. सांगणाऱ्यांनी त्या एकात कालवल्या. मूळ नोंद वाचून दाखवा. व्हाइसरॉय धान्य मागतो आहे आणि पंतप्रधानाला चौकशी करावीशी वाटते ती गांधींच्या मरणाची, हे कल्पित वाक्यापेक्षा कितीतरी भयंकर आहे.

लिओ अ‍ॅमरीच्या रोजनिशीतली उद्धृते ठेवा, पण अ‍ॅमरी कोण होता हे आधी सांगून ठेवा. तो भारतमंत्री होता, चर्चिलच्याच पक्षाचा, त्याच्याच शाळेतला, साम्राज्याचा कट्टर अभिमानी. काँग्रेसचा हितचिंतक त्याला कोणीही म्हणणार नाही. अशा माणसाने सप्टेंबर १९४२ मध्ये लिहून ठेवले आहे की चर्चिल मला म्हणाला, ‘मला हिंदी लोकांचा तिरस्कार वाटतो, ते पशुतुल्य लोक आहेत आणि त्यांचा धर्मही तसाच.’ नोव्हेंबर १९४३ मध्ये, म्हणजे कलकत्त्याच्या फुटपाथवर माणसे मरत असताना, धान्यासाठी जहाजांचा विषय निघाला तेव्हा हिंदी लोक सशांसारखी प्रजा वाढवतात असा शेरा मारून त्याने चर्चेला सुरुवात केली, हीही नोंद त्याचीच. आणि १९४४ च्या ऑगस्टमध्ये, तुमच्या दृष्टिकोनात आणि हिटलरच्या दृष्टिकोनात मला फारसा फरक दिसत नाही, असे आपण त्याला तोंडावर सांगितल्याचे अ‍ॅमरीने लिहिले आहे. रोजनिशी ही एका माणसाची बाजू असते हे खरे. पण सहकाऱ्याने, विरोधाचे राजकारण साधायचे नसताना, त्या त्या दिवशी लिहिलेली ही साक्ष आहे.

तरीही, ताई, केवळ शिव्यांवर खटला उभा राहत नाही. तिरस्कार होता, हे सिद्ध झाले. त्या तिरस्काराने बंगालात माणसे मेली का, हा प्रश्न उरतोच, आणि तुमच्या मसुद्यात नेमके इथेच दोन परिच्छेदांत सारे उरकले आहे. व्याख्यानाचा गाभा इथे हवा.

आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला दुष्काळ म्हटले की कोरडे आभाळ आठवते, भेगाळलेली जमीन, चारा छावणी, ७२ साली खडी फोडायला गेलेले आईवडील. बंगालचा दुष्काळ असा नव्हता, हे पहिल्या पाच मिनिटांत समजावून सांगा. आयआयटी गांधीनगरच्या संशोधकांनी २०१९ मध्ये जमिनीतल्या ओलाव्याचा हिशेब मांडून १८७० नंतरचे मोठे दुष्काळ तपासले, तेव्हा १८७६–७७ किंवा १८९६–९७ सारखे दुष्काळ अवर्षणाशी जोडलेले दिसले आणि १९४३ चा तसा दिसला नाही. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला. बंगालच्या एकूण गरजेत त्याचा वाटा थोडाच होता, पण बाजाराला त्याचा आधार होता. जपानी सैन्य किनाऱ्यावर उतरलेच तर त्याच्या हाती काही लागू नये म्हणून सरकारने किनारी जिल्ह्यांतला जादा मानला गेलेला तांदूळ उचलला आणि दहापेक्षा जास्त माणसे वाहून नेणाऱ्या होड्या ताब्यात घेतल्या किंवा फोडल्या. सुमारे साडेसहासष्ट हजार होड्यांपैकी चाळीस हजारांहून अधिक अशा गेल्या. ज्या प्रदेशात रस्ता म्हणजे नदी, तिथे होडी जाणे म्हणजे मासेमारी, बाजार, पलीकडच्या चराची, म्हणजे नदीतल्या गाळाच्या बेटाची, शेती, सारेच एका दिवसात थांबणे. १६ ऑक्टोबर १९४२ रोजी मेदिनीपूरवर चक्रीवादळ आणि समुद्राची लाट आली, भाताच्या पिकावर करपा पडला. प्रांतांनी आपापल्या सीमा धान्यासाठी बंद केल्या. युद्धखर्चासाठी नोटा छापल्या जात होत्या आणि सैन्य, कारखाने व कलकत्ता यांच्यासाठी वाटेल त्या भावाने खरेदी चालू होती.

कलकत्त्यात तांदळाचा घाऊक भाव डिसेंबर १९४२ मध्ये मणाला तेरा-चौदा रुपये होता. मे १९४३ मध्ये तो तिसाच्या वर गेला आणि ऑगस्टमध्ये ३७ झाला. शेतमजुराची मजुरी होती तिथेच राहिली. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली जे मांडले त्याचे मर्म एवढेच आहे की धान्य किती होते यापेक्षा ते विकत घेण्याची ऐपत कोणाची उरली हे पाहावे. कलकत्त्यातल्या गिरण्या-कारखान्यांच्या कामगारांना मालकांमार्फत स्वस्त धान्य मिळत होते. खेड्यातला मजूर, कोळी, न्हावी, कुंभार यांना ते मिळत नव्हते, आणि मेले ते हे लोक. लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, जुनी मिल या गिरण्यांच्या सावलीत वाढलेल्या शहराला ही विभागणी चटकन समजेल. गिरणीच्या दुकानाचे कार्ड ज्याच्या खिशात तो एका बाजूला आणि कार्ड नसलेला, गावाहून आलेला त्याचा भाऊ दुसऱ्या बाजूला. सेन यांच्या मताला आव्हान देणारेही अभ्यासक आहेत. करप्यामुळे पीक मानले जाते त्यापेक्षा बरेच अधिक बुडाले होते आणि टंचाई खरीच होती, असे ते म्हणतात. ते म्हणणे झाकू नका. टंचाई खरी होती असे मानले, तर बाहेरून धान्य न आणण्याचा दोष उलट अधिक जड होतो.

मृतांचा आकडा तुम्ही एका ठिकाणी ‘पन्नास लाख’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘तीस लाख’ दिला आहे. सरकारने नेमलेल्या वुडहेड दुष्काळ चौकशी आयोगाने १९४५ मध्ये पंधरा लाख म्हटले. नंतरच्या लोकसंख्या-अभ्यासकांचे अंदाज साधारण वीस लाखांपासून पस्तीस-अडतीस लाखांपर्यंत जातात आणि तीस लाख हा सर्वांत रूढ आकडा आहे. अंदाज म्हणूनच सांगा. फुगवलेल्या आकड्याने काय होते याचे उदाहरण जर्मनीतले ड्रेस्डेन शहर आहे. फेब्रुवारी १९४५ मध्ये ब्रिटन-अमेरिकेने तिथे केलेल्या बॉम्बफेकीत दोन लाख माणसे मेली असा प्रचार हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याच्या खात्याने केला, युद्धानंतरही एक लाख पस्तीस हजारांचा आकडा पुस्तकांतून फिरत राहिला, आणि शहरानेच नेमलेल्या इतिहासकारांच्या समितीने २०१० मध्ये तो पंचवीस हजारांपर्यंत असल्याचे सांगितले. पंचवीस हजार माणसे जाळणे ही लहान गोष्ट आहे का? पण दोन लाख ऐकलेल्या कानाला ती लहान वाटू लागते, आणि चर्चिलने स्वतःच मार्चअखेरच्या टिपणात केवळ दहशत वाढवण्यासाठी चाललेल्या या बॉम्बफेकीचा फेरविचार व्हावा असे लिहिले होते, या खऱ्या आणि गंभीर पुराव्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

चर्चिलचा प्रत्यक्ष हात कुठे दिसतो, ते तारखांनी दाखवा. जानेवारी १९४३ मध्ये त्याने हिंदी महासागरातल्या जहाजांच्या फेऱ्या सुमारे साठ टक्क्यांनी कमी करून ती जहाजे अटलांटिककडे वळवली. ब्रिटनची स्वतःची आयात आणि उत्तर आफ्रिकेची मोहीम ही कारणे होती, आणि परिणाम काय होतील याचा इशारा त्याच्या सरकारात दिला गेला होता. ४ ऑगस्टला युद्धमंत्रिमंडळापुढे पाच लाख टन गव्हाची मागणी आली. मंजूर झाली ती इराकमधली एक लाख टनांपर्यंत बार्ली आणि ऑस्ट्रेलियाचा थोडासा गहू. २२ ऑगस्टला कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’ने, जे इंग्रजी मालकीचे वर्तमानपत्र होते, रस्त्यावरच्या प्रेतांची छायाचित्रे छापली, त्यामुळे कोणाला माहीत नव्हते असे म्हणण्याची सोय संपली. मधुश्री मुखर्जी यांनी २०१० मध्ये हा सारा पुरावा एकत्र मांडला आणि नकारामागे वंशद्वेष होता असा निष्कर्ष काढला. विरुद्ध बाजूचे लोक म्हणतात की वेव्हेलची नेमणूक चर्चिलनेच केली, ऑक्टोबर १९४३ मध्ये गरज पडल्यास युद्धाची जहाजे वळवूनही टंचाई हाताळावी असे त्याला लेखी सांगितले, आणि २९ एप्रिल १९४४ रोजी ऑस्ट्रेलियाचा गहू वाहून आणण्यासाठी रूझवेल्टकडे जहाजे मागितली, जी मिळाली नाहीत. हेही खरे आहे. वेव्हेलने पदभार घेतल्यावर आठवडाभरात कलकत्ता गाठले आणि सैन्याला अन्नवाटपाला लावले, जे आधीचा व्हाइसरॉय लिनलिथगो याने वर्षभर केले नव्हते.

प्रांतिक सरकारलाही सोडू नका. मुंबईत मे १९४३ पासून रेशनिंग सुरू झाले, कलकत्त्यात ते जानेवारी १९४४ अखेरीस आले. दुष्काळ-संहितेनुसार, म्हणजे दुष्काळात सरकारने काय करावे याच्या नियमांनुसार, दुष्काळ जाहीर करण्याचे धैर्य कोणी दाखवले नाही. साठेबाजांनी हात धुऊन घेतले आणि त्यांतले पुष्कळ आपलेच होते. या सगळ्यात चर्चिलचा वाटा कोणता? माझे मत विचारले आहे म्हणून सांगतो. दुष्काळ त्याने आणला नाही, ठरवून लोकांना मारण्याची योजनाही पुराव्यात दिसत नाही. मात्र १९४३ च्या उन्हाळ्यापासून वर्षअखेरपर्यंत मदत धाडता आली असती तेव्हा त्याने ती अडवली, उशिरा दिली, अपुरी दिली, आणि मागणाऱ्यांविषयीची तुच्छता त्या निर्णयांतून वेगळी काढता येत नाही. लंडनच्या, अथेन्सच्या भुकेला जे वजन होते ते मेदिनीपूरच्या भुकेला नव्हते. एवढा आरोप पुरेसा जड आहे. त्याला ‘नरसंहार’ म्हणण्याचा मोह तुमच्या मसुद्यात तीनदा दिसतो. तो शब्द वापरलात की हेतू सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर येते, आणि सभागृहातला पहिला चतुर वकील तुम्हाला तिथेच गाठेल. आपल्याकडे व्याख्यानमालेला निवृत्त वकील पहिल्या रांगेत बसतात, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आणखी एक सावधगिरी, जिचा तुम्ही मसुद्यात विचारच केलेला नाही. चर्चिलवर टीका करणारे सगळे एका घरचे नाहीत. जॉन चार्मली या ब्रिटिश इतिहासकाराने १९९३ मध्ये त्याला धारेवर धरले ते साम्राज्य गमावल्याबद्दल: अमेरिकेच्या आहारी जाऊन, शेवटपर्यंत लढत बसून त्याने ब्रिटनची सत्ता संपवली, अशी ती तक्रार होती. डेव्हिड आयर्विंगने चर्चिलला काळा रंगवला तो हिटलरला उजळ करण्यासाठी. ज्यूंच्या संहाराचा इन्कार करणारा आणि पुरावा मोडून-तोडून मांडणारा, असा ठपका लंडनच्या न्यायालयाने २००० साली त्याच्यावर ठेवला, आणि तोही त्यानेच लावलेल्या खटल्यात. (ड्रेस्डेनचा तो एक लाख पस्तीस हजारांचा आकडाही त्याच्याच पुस्तकातला.) २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एका बहुचर्चित मुलाखतीत चर्चिल हाच दुसऱ्या महायुद्धाचा मुख्य खलनायक असल्याचे सांगितले गेले आणि ते आपल्याकडच्या तरुणांच्या मोबाइलपर्यंतही आले. तुमचे विद्यार्थी ‘खलनायक चर्चिल’ हे शीर्षक वाचून यांच्याच पंक्तीत तुम्हाला बसवतील. बंगालच्या भुकेल्यांसाठी बोलणारी तुमची टीका आणि हिटलरला मोकळे सोडण्यासाठी केलेली टीका यांच्यामध्ये भिंत तुम्हालाच उभी करावी लागेल, आणि ती भिंत म्हणजे मे १९४०.

तो भाग तुम्ही अजिबात घेतलेला नाही. २६ ते २८ मे या तीन दिवसांत, डंकर्कला सैन्य अडकलेले, बेल्जियम शरण गेलेला आणि फ्रान्स कोसळत असताना, हॅलिफॅक्सने इटलीच्या मध्यस्थीने तहाच्या काय अटी मिळतात ते पाहावे असा आग्रह धरला. तो आग्रह वेडेपणाचा नव्हता; त्या क्षणी तो शहाणपणाचाच वाटत होता. चर्चिलने अ‍ॅटली आणि ग्रीनवुड या मजूर पक्षाच्या दोघांच्या पाठिंब्याने, चेंबरलेनला आपल्याकडे वळवून, तो मोडून काढला. ब्रिटनने तेव्हा तह केला असता तर हिटलरचे पुढचे सारे युद्ध पश्चिमेची पाठ मोकळी ठेवून झाले असते. हे श्रेय त्याचेच आहे आणि बंगालमुळे ते कमी होत नाही; तसेच या श्रेयाच्या बदल्यात बंगालचे देणे माफही होत नाही. दोन्ही गोष्टी सलग सांगा, ‘परंतु’ न घालता.

आता आप्पा. त्यांचा प्रश्न होता, माझे वडील कोण? याचे उत्तर तुमच्याच विषयात आहे आणि ते त्यांना तुमच्याकडून मिळायला हवे. पंचवीस लाखांच्या आसपास हिंदी जवान त्या युद्धात होते, सुमारे ८७ हजार मेले. इटलीत मराठा पलटणीच्या यशवंत घाडगे यांना जुलै १९४४ मध्ये टायबरच्या खोऱ्यातल्या लढाईत मरणोत्तर, आणि नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५ मध्ये सेनियो नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. या सैन्याविषयी चर्चिलला काय वाटत होते? मे १९४३ मध्ये वेव्हेलने, जो तेव्हा भारतातला सरसेनापती होता, लिहून ठेवले आहे की शिपायांच्या हाती आधुनिक शस्त्रे देऊन तुम्ही एक राक्षस निर्माण करता आहात, असे तो आपल्याला सुनावत होता आणि १८५७ ची आठवण काढत होता. आप्पांचे वडील ज्या युद्धात होते ते चर्चिलच्या मालकीचे नव्हते. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस त्याच युद्धाच्या चिनी आघाडीवर जखमींवर उपचार करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी वारले. त्यांना तिकडे पाठवले होते काँग्रेसने, १९३८ साली. चर्चिल तेव्हा मंत्रीही नव्हता. फॅसिझमविरुद्ध लढणाऱ्या माणसाला चर्चिलचा भक्त असावे लागत नव्हते, हे भैय्या चौकाजवळच्या कोटणीस स्मारकावरून येता-जाता आप्पांनी हजार वेळा पाहिले आहे. त्या दोन गोष्टी जोडून त्यांना कोणी दाखवल्या नाहीत, एवढेच.

हे त्यांना जेवणाच्या ताटावर समजावू नका. वडीलधाऱ्या माणसाला सुनेने, मुलाच्या देखत, चुकीचे ठरवले की तो मुद्द्यावर विचार करत नाही, मानापमानावर करतो. आणि निवृत्त मुख्याध्यापक तर नाहीच नाही. त्यांच्याकडे काहीतरी मागायला जा. वडिलांची पत्रे, पगाराचे पुस्तक, पदकांबरोबरचे कागद घरात असतील तर ते पाहायला मागा. पलटण कोणती, इटलीत कुठे कुठे, घरी परतल्यावर ते काय बोलत आणि काय बोलत नसत, हे विचारा आणि लिहून घ्या. १९४३–४४ साली जवानांच्या घरून येणाऱ्या पत्रांत महागाईची, धान्याच्या तुटवड्याची चिंता असे. अशी एखादी ओळ त्यांच्या कागदांत निघाली, तर बंगालचा विषय तुम्हाला काढावा लागणार नाही. मग सुधारलेला मसुदा त्यांच्या हाती द्या, लाल पेनासह, आणि भाषा व तारखा तपासून द्या म्हणावे. माझा अंदाज आहे की ते शुद्धलेखनाच्या चुका आधी काढतील आणि चर्चिलसाहेबांवरचे आक्षेप समासात लिहितील. त्या आक्षेपांतला जो बरोबर असेल तो स्वीकारा, जो बरोबर नसेल तो स्वीकारू नका, आणि का स्वीकारला नाही ते त्यांना कागदावरच, आदराने, लिहून दाखवा. यजमानांना सांगा की शांततेसाठी विषय बदलला असता तर घरात शांतता आली नसती, नुसता अबोला राहिला असता.

त्यांनी तरीही मान्य केले नाही, तर व्याख्यान द्याच. त्यांच्या वयाच्या माणसाने आयुष्यभर सांगितलेली गोष्ट एका महिन्यात सोडावी ही अपेक्षा गैर आहे, आणि त्यांच्यासाठी तुम्ही पुरावा सोडावा हीही.

शीर्षक बदलून ‘चर्चिल : मे १९४० आणि ऑगस्ट १९४३’ असे काहीतरी साधे ठेवा, संयोजक कुरकुर करतील, कारण पत्रिकेवर ‘खलनायक’ जास्त खपतो, पण पत्रिका छापायला जाण्याआधी कळवले तर ऐकतील. तासाभराच्या व्याख्यानात निम्मा वेळ बंगालला, पंधरा मिनिटे मे १९४० ला आणि उरलेला वेळ हिंदी सैन्याला द्या. चार हुतात्म्यांचा उल्लेख हॅलिफॅक्सच्या संदर्भात एकदाच येऊ द्या. आप्पांच्या वडिलांचे नाव घ्यायचे असेल तर त्यांना आधी विचारा, आणि ते नको म्हणाले तर घेऊ नका.